लोखंडाचें भाडें

जेथें लोखंड व कोळसा जवळजवळ सांपडतात तेथें कारखाने उभे राहतात, असें तुम्ही भूगोलाच्या पुस्तकांत वाचतां. आतां हिंदुस्थानचा नकाशा पुढें घ्या. या दोन्ही वस्तूंचें मोठें भांडार छोटानागपूर व त्याच्या आसपासच्या मुलखांत आहे; परंतु यंत्रें घडविणारे कारखाने फोफावले ते पुणें, मुंबई अशा दूरच्या शहरीं. असें कां, हा प्रश्न वर्गांत एका मुलानें आम्हांस विचारला. त्याचें निदान अर्धें उत्तर एका सरकारी नियमांत आहे.

सन १९५६ पासून मध्यवर्ती सरकारनें पोलादाचें रेल्वेभाडें देशभर समान केलें. त्याची रीत अशी कीं, सर्व गिऱ्हाइकांच्या भाड्याची सरासरी काढून ती प्रत्येक टनाच्या किंमतींत मिळवावयाची. समजा, जवळच्या गांवीं भाडें टनास १० रुपये व दूरच्या गांवीं ९० रुपये पडतें, आणि दोन्हीकडे माल सारखाच जातो. तर दोघांनींही ५० रुपये द्यावे. म्हणजे जमशेदपुराच्या वेशीवरील कारखानदार मुंबईकराचें ४० रुपये भाडें भरूं लागला! सिमेंटासही असाच नियम होता.

हेतु वाईट नव्हता. ज्या प्रांतीं खाणी नाहींत तेही उद्योगांस मुकूं नयेत, एवढाच विचार त्यामागें होता. पण कापसाचें भाडें कांहीं समान केलें नाहीं. त्यामुळें पश्चिमेचा कापूस पूर्वेच्या गिरणीस महागच राहिला, आणि पूर्वेचें पोलाद पश्चिमेस स्वस्त झालें. ज्यांच्यापाशीं बंदर, भांडवल व बाजारपेठ आधींच होतीं, त्यांस पोलादही मिळालें. बिहारपाशीं जी मोठी अनुकूलता होती, तीच गेली. आपण महाराष्ट्रीयांनीं आपल्या उद्योगशीलतेची प्रौढी सांगतांना हें ऋण जमेस धरावें, असें आम्हांस वाटतें.

सन १९९० नंतर हा नियम उठला. परंतु कारागीर, सुटे भाग करणारे, पेढ्या हें सर्व जेथें जमलें होतें तेथून कारखाने परत फिरले नाहींत. पुढें २००० सालीं झारखंड निराळें झालें व खाणी त्याच्या वांट्यास गेल्या.

“मग बिहारास भरपाई काय मिळाली?” त्याच मुलानें विचारलें. आम्हीं त्यास वित्त आयोगाची गोष्ट सांगितली. केंद्राच्या करांतून राज्यांस वांटावयाच्या रकमेपैकीं पंधराव्या आयोगानें, २०२१ ते २०२६ या मुदतीकरितां, शेंकडा १० बिहारास दिले व महाराष्ट्रास सुमारें ६. सन २०११ च्या खानेसुमारींत लोकसंख्या मात्र महाराष्ट्राची अधिक होती. गरीब राज्यास अधिक द्यावें हें त्यांतील मुख्य सूत्र. “पण गुरुजी, त्या पैशानें कारखाना येतो काय?” असें तो म्हणाला, आणि तास संपल्याची घंटा झाली.