हब आणि रिमचा छत्तीसचा आकडा: चाक बांधायला किती लागतात?

किरनापुर तालुक्यात कितीतरी घरांच्या पडवीत दोन सायकली उभ्या दिसतात. एक आजोबांची काळी, जिच्या कॅरियरवर अजूनही धानाचं पोतं जातं. दुसरी पोरांची. सहावी-नववीसाठी दुसऱ्या गावच्या सरकारी शाळेत जावं लागलं तर मध्य प्रदेश सरकार मोफत सायकल देतं, ती. किंवा हौसेने घेतलेली जाड टायरची. मग काळीची मागची रिम वाकते, हब मात्र ठणठणीत असतं. पोराच्या मोडक्या सायकलीची रिम चांगली असते. मनात येतं, हिचं तिला लावू, पैसे वाचतील.

लावता येतं. पैसे मात्र बहुतेक वेळा वाचत नाहीत.

पहिली अडचण भोकांची. काळ्या सायकलीत पुढच्या चाकाला 32 आणि मागच्याला 40 स्पोक, हा जुना इंग्रजी हिशेब आपल्याकडे टिकून राहिला. जाड टायरच्या सायकलीला बहुधा दोन्हीकडे 36 असतात. 40 भोकांच्या हबवर 36 ची रिम बांधायची तर हबच्या प्रत्येक बाजूच्या 20 भोकांपैकी दोन रिकामी सोडावी लागतात, तीही समोरासमोर. मग उरलेली भोकं रिमच्या भोकांसमोर नीट येत नाहीत, थोडी पुढे-मागे सरकतात. त्यामुळे एकाच चाकात दोन-तीन लांबीचे स्पोक लागतात. सगळे एकाच मापाचे घातले तर काही निपलमधून वर येऊन ट्यूबला टोचतात, काहींना आटेच पुरत नाहीत.

याच्या उलट प्रकार, म्हणजे 32 चं हब आणि 36 ची रिम, मी सरळ टाळायला सांगेन. इथे रिकामी भोकं रिमवर राहतात. 36 च्या रिमवर दोन स्पोकांत साधारण 5 सेंटिमीटर अंतर असतं; एक भोक सोडलं की तेवढ्या जागी ते 10 होतं. खड्डा लागला की रिम नेमकी तिथे दबते. पोतं वाहणाऱ्या सायकलीला हे चालणार नाही.

दुसरी अडचण व्यासाची, आणि दुकानात तिच्याकडे कुणी बघत नाही. टायरच्या बाजूला छापलेला शेवटचा तीन अंकी आकडा वाचा. काळ्या सायकलीच्या 28 × 1½ टायरवर तो 635 असतो, जाड टायरच्या 26 इंचीवर 559. फरक 76 मिलिमीटर, म्हणजे रिमची कड ब्रेकपासून 38 मिलिमीटर आत. काळीचा दांड्याचा ब्रेक रिमच्या आतल्या अंगाला दाबतो, तो तर नव्या घडणीच्या रिमवर बसतच नाही. आकडा जुळत नसेल तर पुढचा हिशेब करूच नका.

जुळत असेल, तर करू या. दर उदाहरणापुरते धरले आहेत. त्यांच्या जागी तुमच्या मिस्त्रीचे घाला. स्पोक निपलसह 4 रुपये, नवी स्टीलची रिम 450, मागचं हब 250, चाक बांधून आउट काढायची मजुरी 200. हब ठेवून 40 ची नवी रिम घेतली तर 450, स्पोकांचे 160 आणि मजुरी 200, एकूण 810. बेमेळ जोडीत रिम फुकट, पण वेगळ्या मापाचे 36 स्पोक कापून, आटे पाडून घ्यायचे म्हणजे नगाला 7 धरले तर 252, आणि दुप्पट वेळ खाणारी मजुरी 400. झाले 652. आता तिसरी वाट: रिम तीच ठेवा आणि 36 चं नवं हब घ्या. 250, 144 आणि 200 मिळून 594. मजबूतही हेच. खटाटोप करून जे हब वाचवायला निघालो, तेच नवं घेणं स्वस्त निघतं! हे हब घेताना फ्रेमच्या मागच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर मात्र मोजून न्या.

बेमेळ जोडी परवडते ती हब खरंच मोलाचं असेल तेव्हा. आत गिअर असलेलं जुनं स्टर्मी-आर्चर कुणाच्या घरात निघालं, तर त्याच्यासाठी 400 मजुरी जास्त नाही.

जुने स्पोक परत वापरू नका. गंजलेलं निपल फिरवताना स्पोक पिळून तुटतो. किरनापुरात माल न मिळाला तर गोंदिया किंवा बालाघाटला जाताना जुनं हब, रिम आणि एक शाबूत स्पोक पिशवीत घेऊन जा, तोंडी माप सांगू नका. ॲटलस सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना जून 2020 मध्ये बंद पडला म्हणून घाबरायचं कारण नाही. काळ्या सायकलीचे भाग लुधियानात बनतात आणि मापं तीच आहेत. सायकल आणि तिच्या भागांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा पक्क्या बिलावर जुना दर लावलेला दिसला तर तिथेच विचारा. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

चाक ताब्यात घेताना ते फिरवून ब्रेकच्या रबराशी बघा: रिम डावी-उजवीकडे किंवा वर-खाली दोन मिलिमीटरपेक्षा जास्त हलू नये. स्पोक दोन-दोन मुठीत दाबा, एखादा ढिला लागला तर तिथेच सांगा. नवं चाक आठ-पंधरा दिवस चाललं की स्पोक थोडे सैल पडतातच. तेव्हाचा आउट त्याच मजुरीत काढून देणार का, हे बोलणं आगाऊ पैसे देण्याआधी करून घ्या.