आईसाठी सोपं शुगर-मीटर कोणतं?

प्रश्न : आई ७२ वर्षांची, हात थरथरतात. पट्टी मीटरमध्ये बसत नाही, आकडे दिसत नाहीत. काय करू? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : मोठ्या आकड्यांचं, निकाल बोलून सांगणारं मीटर घ्या, पण आधी पट्टीची किंमत विचारा. यंत्र एकदाच, पट्ट्या जन्मभर. तुमच्या शेजारच्या ठाण्यातल्या ‘बायोसेन्स’ कंपनीने ‘सुचेक’ मीटर बनवलं ते हाच खर्च कमी करायला. सुई बोटाच्या कडेला टोचा, कमी दुखतं. आधी हात धुऊन कोरडे करा. आंबा खाल्लेल्या बोटाने मीटरही फसतं! पट्ट्यांची डबी लगेच बंद करा, पावसाळी दमट हवा त्यांना बाधते. दंडावर चिकटवायचा साखर मोजणारा सेन्सर टोचणी वाचवतो, पण साधारण १४ दिवसांनी बदलावा लागतो आणि महाग पडतो. शंभरावरच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंत फरक मीटरच्या मानकातच धरलेला असतो, तेव्हा १४० की १५० यावरून आईशी वाद नको.