औद्योगिक स्वच्छता आणि कामगारांच्या डोळ्यांची सुरक्षितता

दुग्धप्रक्रिया कारखान्यांत टाक्या व नळ्या न उघडता जागच्या जागी धुतल्या जातात. स्निग्धांश काढण्यासाठी कॉस्टिक सोड्याचे गरम, सौम्य द्रावण आणि क्षारांचा थर काढण्यासाठी बहुधा नायट्रिक आम्ल त्यांतून फिरविले जाते. यंत्रणा बंदिस्त असल्याने धोका जाणवत नाही. तो उद्भवतो तीव्र रसायन कॅनमधून ओतताना किंवा गळणारा सांधा सोडविताना.

आम्ल हेच सर्वाधिक घातक, हा रूढ समज डोळ्यांच्या बाबतीत दिशाभूल करणारा आहे. बहुतेक आम्लांमुळे पृष्ठभागावरील प्रथिने साकळतात आणि तो थरच आम्लाला काही अंशी अडवतो. हायड्रोफ्लोरिक आम्ल हा ठळक अपवाद. अल्कली मात्र पेशींच्या आवरणातील मेदाचे साबणीकरण करून पारपटलातून आत शिरत राहते. ज्या गुणधर्मामुळे कॉस्टिक सोडा टाकीचा तुपकटपणा घालवितो, तोच डोळ्याला मारक ठरतो.

पारपटलाच्या कडेवरील मूलपेशी नष्ट झाल्यास ते गढूळ होते व अशा डोळ्यात केवळ नेत्ररोपण सहसा टिकत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत रुग्णाच्या निरोगी डोळ्यातील ऊतीचा लहानसा तुकडा जखमी डोळ्यावर रोपला जातो. दोन्ही डोळे पोळले असतील, तर हा आधारही उरत नाही. म्हणूनच पहिली काही मिनिटे निर्णायक असतात. पापण्या उघड्या धरून लगेच, निदान १५ मिनिटे भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. आम्लावर सोडा किंवा सोड्यावर आम्ल असा प्रयोग करू नये. साहजिकच, पाण्याचा नळ किती पावलांवर आहे, हा प्रश्न गॉगलइतकाच महत्त्वाचा ठरतो.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३५ मध्ये डोळ्यांच्या संरक्षणाची तरतूद होती. पण ती उडणारे कण व तीव्र प्रकाश यांपुरती. रसायनांविषयी माहिती मिळण्याचा कामगाराचा हक्क भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली आहे. परीक्षार्थींनी तिच्यातील ‘मुख्य कार्य’ ही संज्ञा नीट अभ्यासावी. मुख्य कार्यात कंत्राटी कामगार नेमण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. परंतु आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल, तर साफसफाई मुख्य कार्यात मोडत नाही. त्यामुळे हे काम कंत्राटदारामार्फत करून घेता येते. रसायनाचे माहितीपत्रक कारखान्याच्या कार्यालयात आणि कॅन उचलणारा कामगार दुसऱ्याच मालकाचा, अशी स्थिती त्यातून उद्भवू शकते.