गाडी चालवणारीचं आधी ऐका

अगं, तुमची ती यादी वाचली. म्युनिकला उतरायचं, मग हालश्टाट, डोलोमाइट्स, कोमो, झेरमाट, इंटरलाकेन आणि जमलंच तर फ्रान्समधलं अनेसी. सगळं आठ दिवसांत. चौघी मैत्रिणी, एक गाडी. हौस दांडगी आहे तुमची, त्यात वादच नाही. पण यादी करताना स्टिअरिंगवर कोण बसणार, हे कुणी विचारलं का? चौघींपैकी लायसन दोघींकडे, आणि त्यातली एक पुण्यात स्कूटीच फिरवते. म्हणजे सगळा भार तुझ्यावर. तळी त्या तिघी बघणार आणि तू समोरच्या गाडीचा दिवा बघणार.

म्हणून पहिलं सांगणं हेच, की यादी निम्म्याने काप. आल्प्समध्ये नकाशावर बोटभर अंतर दिसतं, पण मध्ये अख्खा डोंगर असतो. एक मुक्काम स्वित्झर्लंडमधल्या ब्रिएन्झच्या तळ्याकाठी करा, दुसरा ऑस्ट्रियात किंवा कोमोला. बास. गाडी जिथे घ्याल तिथेच परत करा. एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली, तर नुसत्या सोडण्याचेच भरमसाट पैसे लावतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंग करतानाच तसं सांग, नाहीतर हातात गिअरची गाडी येते. तिकडे इंडिकेटर डाव्या हाताला असतो. पहिल्या दिवशी वळायला जाशील आणि कोरड्या काचेवर वायपर सुरू होईल. हसू दे त्यांना.

उजवीकडून चालवायची भीती सगळ्यांना वाटते, पण रहदारीत फारसं चुकत नाही, कारण पुढच्या गाडीच्या मागे आपण आपोआप जातो. घोळ होतो तो सकाळी पेट्रोलपंपातून रिकाम्या रस्त्यावर येताना. त्या वेळी शेजारी बसलेलीने मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणायचं. तेवढंच तिचं काम, पण तिने ते फोनमधून डोकं वर काढून करायचं.

घाटाचं तुला नवं नाही. ताम्हिणी आणि वरंध पावसात उतरलेली मुलगी तू. ज्या गिअरने घाट चढतो त्याच गिअरने उतरायचा, हे आपल्या ट्रकवाल्यांचं शहाणपण तिकडेही तसंच लागू पडतं. फरक उंचीचा आहे. ब्रिएन्झजवळच्या इनर्टकिर्खेनहून निघून सुस्टेन, फुर्का आणि ग्रिम्सेल हे तीन घाट एका दिवसात गोल फिरून करता येतात. साधारण सव्वाशे किलोमीटर, आणि फुर्काचा माथा 2,429 मीटरवर. तिथे ऱ्होनच्या हिमनदीवर उन्हाळ्यात पांढरी कापडं अंथरलेली दिसतील. बर्फ वितळू नये म्हणून हिमनदीला पांघरूण घालतात. लांबून ते मळकट तंबूंसारखं दिसतं, जवळ गेल्यावर पोटात कालवतं. याच बर्फातून निघालेलं पाणी जिनिव्हाच्या सरोवरातून पुढे भूमध्य समुद्राला मिळतं.

या रस्त्यांवर पिवळी पोस्टबस भेटेल. अंध वळणाआधी ती तीन सुरांचा हॉर्न देते. हे सूर रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ ऑपेरातले आहेत. ऐकायला गोड असले तरी अर्थ एकच, बाजूला हो. जिथे निळ्या पाटीवर पिवळं शिंग दिसेल, तिथे बसला आधी वाट द्यायची आणि बसचा ड्रायव्हर मागे घे म्हणाला की निमूट मागे घ्यायची. रिव्हर्सची सवय इथे नसरापूरच्या एखाद्या अरुंद रस्त्यावर करून जा.

आता तुमच्या मे महिन्याबद्दल. सुट्ट्या मेमध्ये म्हणून तुम्ही मे धरलाय, पण हे उंच घाट साधारण जून ते ऑक्टोबर एवढेच उघडे असतात. मेमध्ये वर बर्फाच्या भिंती आणि खाली ‘रस्ता बंद’ची पाटी. रजा पुढे ढकलता आली तर सप्टेंबर धर. गर्दी ओसरलेली असते, आणि नशीब असेल तर डोक्यावर फुलांचे मुकुट आणि गळ्यात मोठाल्या घंटा घालून कुरणांवरून उतरणाऱ्या गाई भर रस्त्यात भेटतील. त्यांना हॉर्न वाजवायचा नाही, एवढं तुला सांगायला नको.

आणखी एक, जे भाड्याची गाडी देणारे सांगत नाहीत. सगळ्यात देखण्या गावांत गाडी जातच नाही. झेरमाटला जायचं तर टेशला गाडी ठेवून बारा मिनिटांची ट्रेन. वेंगन आणि म्युरनलाही तेच, गाडी खाली दरीत आणि आपण रेल्वेने नाहीतर रोपवेने वर. हालश्टाटची कथा निराळी. जेमतेम सात-आठशे वस्तीचं गाव, 1997 पासून युनेस्कोच्या यादीत, आणि माणसांचे लोंढे असे की 2023 मध्ये गावकऱ्यांनी वैतागून फोटोच्या जागेवर लाकडी कुंपण उभं केलं होतं. मी गावकऱ्यांच्याच बाजूची. जायचंच असेल तर त्याच तळ्याच्या दुसऱ्या टोकाला ओबरट्राउनला राहा आणि बसगाड्या परतल्यावर संध्याकाळी गावात जा. ब्रिएन्झकाठच्या इझेल्टवाल्डला तर कोरियन मालिकेमुळे इतकी झुंबड उडाली, की तिथल्या लाकडी धक्क्यावर पाऊल ठेवायचे पाच फ्रँक घेऊ लागले. फोटोपुरते पाच फ्रँक देऊ नकोस. शंभर पावलं पुढे तेच हिरवंनिळं पाणी फुकट आहे. बर्फाने दगड घासून झालेली पिठासारखी भुकटी पाण्यात तरंगते, म्हणून तो रंग. पाणी भर उन्हाळ्यातही गार असतं, उडी मारायच्या आधी पाय बुडवून बघा.

पार्किंगचं नीट ऐक. पांढऱ्या रेषा म्हणजे बहुतेक ठिकाणी पैसे भरायचे, पिवळ्या म्हणजे कुणाची तरी खासगी जागा, आणि निळ्या असतील तर काचेत पुठ्ठ्याची निळी चकती ठेवायची. दहा वाजून दहा मिनिटांनी आलात तर काटा साडेदहावर लावायचा आणि साडेअकरापर्यंत निघायचं. स्वित्झर्लंडच्या महामार्गाचा परवाना, म्हणजे विनयेट, 40 फ्रँकला वर्षभराचाच मिळतो. तिथेच घेतलेल्या गाडीला तो बहुधा असतो, म्युनिकहून आणाल तर तुम्हालाच घ्यावा लागेल.

दंडाची पावती मात्र उशिरा येते. घरी परतून फोटो टाकून झाल्यावर गाडीच्या कंपनीकडून मेल येतो आणि पैसे ज्या मैत्रिणीचं कार्ड दिलेलं, तिच्याच खात्यातून जातात. म्हणून निघण्यापूर्वी ठरवा. जेवणखाण टीटीएमएम ठेवा हवं तर, पण पेट्रोल, पार्किंग आणि दंड चौघींचा. ‘चल गं, रोपवे चुकेल’ म्हणून मागून घाई करणारीने दंडाच्या वेळी मान फिरवायची, हे चालायचं नाही. अशा हिशेबात जुन्या मैत्रिणी बोलेनाशा झालेल्या मी पाहिल्यात.

खाण्याचं म्हणशील तर भाजणी, मेतकूट, चटण्या खुशाल ने. साजूक तुपाची बाटली नको, बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस न्यायला तिकडे बंदी आहे. गावातली दुकानं संध्याकाळी लवकर मिटतात, रविवारी तर बहुतेक बंदच, तेव्हा शनिवारी भाज्या, ब्रेड घेऊन ठेवा. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, गावातल्या हौदाच्या तोटीचं पाणी पिण्याजोगं असतं, नसलं तर तशी पाटी असते. आणि रात्री दहानंतर गॅलरीत खिदळू नका.

गाडी चालवणारीला रोज एक हक्क द्यायचा. वाटेत कुठे थांबायचं, ते ती ठरवणार, आणि बाकीच्यांनी ‘अजून थोडं पुढे’ म्हणायचं नाही. एक दिवस गाडीची किल्ली खोलीतच ठेवून सगळ्या बोटीने फिरा. त्या दिवशी तूही खिडकीपाशी बसशील.

या आठवड्यात आरटीओचं काम उरक. आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट दोघींनी काढा, स्कूटीवालीनेही, तिच्याकडे कारचं लायसन आहे ना. ते एक वर्ष चालतं आणि सोबत मूळ लायसन ठेवावं लागतं. आणि उरलेल्या महिन्यांत दर रविवारी तिला गाडी चालवायला लाव. ती ताम्हिणी चढून-उतरून आल्याशिवाय तिकिटं काढू नका.