पत्रे उतरवणारे हात शिकलेले असावेत

2017 च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. डोक्याइतकी वाढलेली पऱ्हाटी, औषधांची मिश्रणं आणि तोंडाला नुसता दुपट्टा. फवारणी प्रत्येकाला येतेच असं सगळ्यांनी धरून चाललं होतं, म्हणून ती कुणी शिकवली नाही आणि कुणी शिकलीही नाही. बांधकाम-दुरुस्तीच्या धंद्यात असंच एक काम आहे: घराचे, गोठ्याचे, शाळेच्या खोलीचे, जिनिंगच्या शेडचे जुने सिमेंटचे पत्रे उतरवणं. फवारणीचं विष काही तासांत अंगावर येतं, या पत्र्यांची धूळ मात्र वीस ते चाळीस वर्षांनी. दहावी-बारावीनंतर मुलाला कुठल्या कामाला लावावं या चिंतेत असलेल्या पालकांना माझं सांगणं आहे की बांधकामाचा कुठलाही ट्रेड निवडताना हे काम सुरक्षितपणे करण्याचं शिक्षण त्याच्या जोडीला घ्या. इमारतीच्या कामात उतरणाऱ्या मुलाची यापासून सुटका होण्याचा संभव कमी आहे.

या राखाडी, नागमोडी पत्र्यात सिमेंटच्या जोडीला दहा टक्क्यांच्या आसपास ॲस्बेस्टॉस असतो. फुटलेल्या पत्र्याची कड उन्हात धरून पाहिली तर तिच्यातून बारीक पांढुरके धागे निघालेले दिसतात. कापसाच्या जिल्ह्यातल्या माणसाला ते रुईच्या तंतूंसारखे वाटतील, पण हे दगडाचे तंतू आहेत. दिसणारे धागे म्हणजे हजारो सूक्ष्म तंतूंची जुडी असते. ग्राइंडर चालला किंवा पत्रा वरून फेकला की ती उकलते आणि डोळ्यांना न दिसणारे तंतू फुफ्फुसात खोलवर जाऊन कायमचे बसतात. ॲस्बेस्टॉसिस, फुफ्फुसाचा कर्करोग आणि फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हे त्याचे परिणाम आहेत. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो. धुळीच्या हातानं खर्रा घोटून तोंडात टाकणाऱ्याच्या पोटातही ही धूळ जाते.

इतकं घातक असेल तर सरकारनं बंदी का घातली नाही, असं विचारलं जातं आणि ते विचारणं रास्त आहे. आपल्याकडे ॲस्बेस्टॉसच्या खाणी बंद झाल्या, पण परदेशातून माल येतो, पत्रे बनतात आणि उघड विकले जातात. कारखानदारांचं म्हणणं असं की पांढरा ॲस्बेस्टॉस सिमेंटमध्ये घट्ट बांधलेला असतो, म्हणून त्याचा त्रास नाही. यातलं अर्धं खरं आहे. शाबूत पत्र्याखाली राहणाऱ्या कुटुंबानं घाबरून तो उतरवायची घाई करू नये, हे मीही सांगेन. पण वादळात फुटलेल्या, तीस उन्हाळे खाऊन भुसभुशीत झालेल्या किंवा ड्रिल लागलेल्या पत्र्याला ते लागू होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार माणसाला कर्करोग करणारे मानते, पांढराही त्यात आला. ब्रिटननं 1999 मध्ये उरलेला वापरही बंद केला, तरी तिथे आजही या आजारांनी दरवर्षी पाच हजारांच्या आसपास माणसं मरतात. त्यांत जुन्या इमारतींत छिद्रं पाडणारे, वायरी ओढणारे सुतार, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन मोठ्या संख्येनं आहेत. उद्या आपल्याकडे बंदी आली तरी छपरावर चढलेले पत्रे कुणाला तरी उतरवावेच लागतील.

हे काम नीट करायला वेळ आणि शिस्त लागते. सगळ्यात आधी पडण्याचा धोका असतो. जुना पत्रा माणसाचं वजन पेलत नाही, त्यामुळे थेट त्याच्यावर पाय न देता फळ्या टाकून आणि सुरक्षा पट्टा बांधूनच जावं लागतं. मग साबणाचे दोन थेंब घातलेल्या पाण्याची हलकी फवारणी करून पत्रा भिजवायचा. गंजलेला जे-बोल्ट फिरत नसेल तर बोल्ट कापायचा, पत्र्याला हात लावायचा नाही. अख्खा पत्रा दोघांनी धरून खाली द्यायचा, वरून टाकायचा नाही. दुपट्टा आणि कापडी मास्क हे तंतू अडवत नाहीत. चेहऱ्याला घट्ट बसणारा पी-3 किंवा पी-100 दर्जाचा मास्क लागतो, आणि दाढी वाढलेली असेल तर तोही कामाचा नाही. खाली सांडलेलं कोरड्या झाडूनं झाडायचं नाही, ओल्या फडक्यानं टिपायचं. कामाचे कपडे तसेच घरी आणायचे नाहीत, कारण कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही मेसोथेलिओमा झाल्याचं जगभर नोंदलेलं आहे. उतरलेला माल जाड प्लॅस्टिकच्या दुहेरी आवरणात बांधायचा. विदर्भासाठी धोकादायक कचऱ्याची जागा बुटीबोरीला आहे. तिथे न नेता फुटके तुकडे चिखलाच्या वाटेवर पसरले की पायाखाली आणि चाकाखाली त्यांचं पीठ होतं.

आता पालकांचा नेमका प्रश्न: यात पैसा आहे का? निव्वळ या कामाच्या भरवशावर मुलाला सोडू नका. ब्रिटनमध्ये धोक्याच्या ॲस्बेस्टॉस कामाला परवाना लागतो आणि म्हणून त्याला दर मिळतो. आपल्याकडे तसा परवाना नाही, आणि गावातला घरमालक ओल्या पत्र्यासाठी जास्तीचे पैसे लगेच मोजेल अशी आशा मी दाखवणार नाही. म्हणून पाया ट्रेडचाच हवा. आयटीआयचा एक वर्षाचा प्लंबर किंवा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन, नाहीतर तंत्रनिकेतनातून स्थापत्य पदविका. पदविका किंवा पदवीनंतर औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका करता येते, मुंबईत सायनची केंद्रीय श्रम संस्था त्यासाठी ओळखली जाते. मोठ्या कारखान्यात आणि मोठ्या बांधकामावर कायद्यानुसार सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. मुकुटबनचा सिमेंट कारखाना आणि वणीचा कोळसापट्टा आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात आहेत. सुरक्षेचं काम जाणणाऱ्या मुलाला जिल्ह्याबाहेरही मागणी आहे. जो ठेकेदार शाळेचं किंवा दवाखान्याचं छप्पर धूळ न उडवता बदलून देतो, त्याचं नाव पुढच्या कामाला आधी निघतं.

'मग असल्या धोक्यात पोराला घालायचंच कशाला?' ही आईची भीती मला सगळ्यात वजनदार वाटते. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत रोजीसाठी मिस्त्रीच्या हाताखाली गेलेली पोरं आजही हातोड्यानं हे पत्रे फोडतात. मुलगा अठराचा होईपर्यंत त्याला या कामावर पाठवूच नका. आणि पुढे त्याला बांधकामातच उतरायचं असेल, तर धोका न ओळखणाऱ्यांच्या रांगेत त्याला उभं करू नका.

सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्ये ॲस्बेस्टॉस कारखान्यांना प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद चाळीस वर्षं जपायला सांगितलं. नाक्यावरच्या मजुराची अशी नोंद ठेवणारं कुणी नसतं. म्हणून वर्षात 90 दिवस काम भरलं की बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करून घ्या, आणि नोंदणीच्या कागदांसोबत एक साधी वही ठेवा: तारीख, जागा, किती पत्रे, मास्क होता की नव्हता. पुढे कधी दम लागू लागला तर ती वही घेऊनच डॉक्टरांकडे जा.