थंडीच्या दिवसांत कंपोस्टचा ढीग जागता ठेवा

शहापूर व मुरबाड तालुक्यांत भाताची कापणी व झोडणी आटोपली म्हणजे घरोघरी पेंढा, तूस, बांधावरचे वाळके गवत आणि परसातील पालापाचोळा भरपूर साचतो. यातील बराचसा भाग शेणासह राबासाठी राखून ठेवण्यात येतो व उन्हाळ्यात भाजला जातो. घराच्या मागे कंपोस्टचा ढीग रचणारे शेतकरीही आहेत. परंतु मार्गशीर्ष-पौषात ढीग गार पडला की, ‘थंडीत खत कुजत नाही,’ असे समजून ते त्याकडे पाठ फिरवतात. हा समज बरोबर नाही.

ढिगाची ऊब कोठून येते?

पेंढ्याची गंजी भिजून राहिली तर ती आतून तापते, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. ती उष्णता उन्हाची नसते. डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जीव काडीकचरा खात असता ती उत्पन्न होते. चांगल्या रचलेल्या ढिगाच्या पोटात ५५ ते ६५ अंश सेल्सिअस इतकी उष्णता होते. युरोपात बर्फ पडत असतानाही मोठे ढीग आतून तापलेले राहतात. मग सह्याद्रीच्या पायथ्याशी काही पहाटे पारा १५ अंशांच्या खाली उतरला, तरी तेवढ्याने ढीग मरत नाही. तो मरतो तीन कारणांनी : आकार लहान असणे, ओल तुटणे आणि शेणाचा अंश कमी पडणे.

आकार व आडोसा

लहान ढिगातील ऊब चोहोबाजूंनी निघून जाते. म्हणून ढीग लांबी, रुंदी व उंची यांत प्रत्येकी निदान साडेतीन ते चार फूट असावा. एका घरचा काडीकचरा पुरत नसेल, तर दोन शेजाऱ्यांनी मिळून एक ढीग रचावा. जागा वाऱ्याच्या आड, गोठ्याजवळ व पाण्याच्या सोयीची निवडावी. पेंढा व काटक्या विळ्याने वीतभर तोडून घ्याव्यात. वरून पेंढ्याचा जाड थर, जुनी गोणपाटे किंवा शेणमातीचा पातळ लेप द्यावा. त्याने ऊब व ओल दोन्ही टिकतात.

खाद्य

नुसत्या पेंढ्यात कर्ब फार व नत्र थोडे असते. सुमारे ३० भाग कर्बास १ भाग नत्र असे प्रमाण कुजण्यास उत्तम समजतात. हे साधण्यासाठी वीतभर काडीकचऱ्याच्या प्रत्येक थरावर शेणकाला शिंपडावा व गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती किंवा केरकचरा पसरावा. एका मोठ्या जनावरापासून दिवसाला सुमारे १० किलो शेण मिळते. त्यातील थोडे रोज राखले तरी ढिगाची गरज भागते. भाजीपाल्याचा हिरवा कचरा व बांधावरील गिरिपुष्पाचा पाला पानगळीपूर्वी तोडून घातल्यास नत्रात भर पडते.

ओल व उलथणी

हिवाळ्यातील कोरडा वारा ढिगाची ओल नकळत ओढून घेतो. आतील मूठभर कचरा पिळून पाहावा. बोटांतून एक-दोन थेंब निघाले तर ओल पुरेशी आहे. हात कोरडा राहिल्यास दुपारी, उन्हाने कोमट झालेले पाणी थोडे थोडे शिंपडावे. पाणी फार झाल्यास हवा कोंडते व दुर्गंधी सुटते. अशा वेळी कोरडा पेंढा मिसळावा.

ढिगात एक लोखंडी सळई खोलवर खुपसून दहा मिनिटांनी काढावी. ती हातास चटका देत असेल तर ढीग हलवू नये. कोमट लागली तर भर दुपारी तो उलथावा आणि बाहेरचा गार भाग आत घालून लगेच झाकावा. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी सिद्ध केलेल्या व यशवंत वाड यांच्यासह १९३१ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या पद्धतीतही तीन वेळा उलथणी सांगितली आहे. दिवाळीनंतर घरातील माणसे वीटभट्टीवर जात असतील व उलथणीस हात नसतील, त्यांनी पुसद येथील नारायण पांढरीपांडे यांची ‘नाडेप’ पद्धत स्वीकारावी. तीत भिंतींना भोके ठेवलेले टाके एकदा भरून लिंपले की उलथणी करावी लागत नाही. घरी राहिलेल्या माणसाने भेगा बुजवून ओल राखली म्हणजे पुरते.

हेच दिवस का?

पावसाळ्यात येथील मुसळधार पावसाने उघड्या ढिगाचे सत्त्व वाहून जाते. फाल्गुनानंतर अनेक पाड्यांवरील विहिरी तळ गाठतात. ज्या शहापूर तालुक्यातून तानसा व भातसा धरणांचे पाणी मुंबईस जाते, त्याच तालुक्यातील कित्येक गावांस उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पिण्यास पाणी नसता ढिगावर कोण शिंपडणार? काडीकचरा आणि पाणी ही दोन्ही एकत्र हाती असतात ती केवळ थंडीतच.

राबाच्या भाजणीने तणाचे बी मरते व राख मिळते, म्हणून शेतकरी ती सोडत नाही. त्याचे म्हणणे अकारण नाही. परंतु शेणापाल्यातील नत्र व सेंद्रिय अंश त्या धुरात निघून जातात. चांगल्या तापलेल्या ढिगातही तणाचे बहुतेक बी मरते आणि नत्राचा मोठा भाग खतात राहतो. गार पडलेल्या ढिगाच्या खताने मात्र वाफ्यात तण माजते व मग कंपोस्टला दोष लागतो.

कार्तिकात रचलेला ढीग माघापर्यंत जागता ठेवल्यास वैशाखाआधी काळसर, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत हाती येते. प्रथम एकाच गादीवाफ्यास ते घालावे, शेजारी नेहमीचा राब ठेवावा आणि दोहोंतील रोपे लावणीच्या वेळी ताडून पाहावीत.