आधी आवाज, मग चेहरा : मोबाइलवरच्या मीटिंगची सुरुवात

गेल्या वर्षी आपल्या मराठी विभागाने लोकगीतांवर एक छोटा कार्यक्रम ठरविला. त्याची चर्चा चालू असताना मी वर्गात सहज बोलून गेले की, आमच्या वळ गावात माझी आजी अजून धवले गाते. आगरी लग्नात धवलारीण धवले गाऊन विधी पार पाडते, हे बहुतेकांना ऐकून माहीत होते; प्रत्यक्ष धवला मात्र फार थोड्यांच्या कानांवर पडला होता. सरांनी लगेच विचारले, "आजींना कॉलेजात आणता येईल का?" आजीचे गुडघे धरलेले. गावाभोवती सगळी गोडाऊने, रस्त्यावर कंटेनरच्या रांगा. त्यांतून अंजूर फाट्यापर्यंत रिक्षाने यायचे म्हटले तरी तिच्या पायांना ते झेपणारे नाही. तेव्हा सर म्हणाले, "मग आपण मीटिंग लावू. तू जमव."

जमवायचे म्हणजे काय, याचा मला तेव्हा अंदाज नव्हता. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मी आठवीत होते, आणि पुढचे वर्षभर मोबाइलवरच शिकले. त्यामुळे हे सारे आपल्याला येते, असा माझा समज होता. खरे पाहता मला दोनच गोष्टी येत होत्या : लिंकवर बोट ठेवणे आणि कॅमेरा बंद करणे. आपल्यापैकी पुष्कळांचे शिक्षण तेवढ्यावरच थांबलेले असावे. प्रथम वर्षाला आलेल्या मित्रमैत्रिणींच्या उपयोगी पडावे म्हणून, मी कोठे कोठे अडखळले ते येथे लिहीत आहे.

पहिला अडखळा कार्यक्रमाच्या आधीच झाला. सराव म्हणून मी दुसरीकडच्या एका व्याख्यानाला मोबाइलवरून बसायचे ठरविले. मोबाइल बाबांचा. लिंक उघडली, पडद्यावर इंग्रजीत काही वाक्य आले आणि तेथेच थांबले. नेट गेले असेल असे समजून मी मोबाइल घेऊन आधी गच्चीवर, मग ओट्यावर, मग पुन्हा गच्चीवर गेले. तासाभराने व्याख्यान संपले. नेट कधीच गेले नव्हते. मी 'वेटिंग रूम'मध्ये होते, म्हणजे दाराबाहेर. बाबांनी खाते उघडताना नाव दिले होते 'टेम्पो ४०७'. आता व्याख्यानाच्या दारात टेम्पो उभा आहे म्हटल्यावर त्याला कोण आत घेणार? यात त्यांची चूक मी म्हणत नाही.

हे दार आले कोठून, तेही सांगण्यासारखे आहे. चेहरा पाहत बोलण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात 'पिक्चरफोन' लोकांना दाखविला गेला आणि १९७० मध्ये पिट्सबर्ग शहरात त्याची सेवाही सुरू झाली. पण महागाईमुळे ती चालली नाही. आपल्याकडे १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम पोहोचले, आणि १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू झाले. पण त्यात शिकविणारा बोले आणि शिकणारा ऐके. उलट प्रश्न विचारण्याची सोय पडद्यात नव्हती. झूम ही कंपनी एरिक युआन यांनी २०११ साली काढली. चीनमध्ये शिकत असताना आपल्या मैत्रिणीला भेटण्यासाठी दहा तासांचा रेल्वेप्रवास करावा लागे, तेव्हा ही कल्पना सुचली, असे ते सांगतात. (दिवा-वसई मार्गावरच्या गाडीची वाट पाहणाऱ्या आपल्यापैकी कोणाला अजून काही सुचलेले नाही.) डिसेंबर २०१९ मध्ये झूमच्या मीटिंगांत रोज जास्तीत जास्त एक कोटी उपस्थिती असे, एप्रिल २०२० मध्ये ती तीस कोटींवर गेली. यात एकच माणूस दिवसातून चार वेळा बसला तर चार वेळा मोजला जातो, हे लक्षात ठेवावे. एवढी गर्दी झाल्यावर वाट्टेल ते लोक वाट्टेल त्या वर्गात शिरून धिंगाणा घालू लागले. म्हणून त्या एप्रिलमध्ये कंपनीने वेटिंग रूम आपोआप सुरू राहील अशी व्यवस्था केली, आणि १६ एप्रिलला आपल्या केंद्रीय गृहमंत्रालयानेही सावधगिरीच्या सूचना काढल्या. त्यांतही वेटिंग रूम वापरा असे होते. तेव्हा बाहेर थांबावे लागले तर घाबरू नये. मात्र आत शिरण्यापूर्वी आपले नाव, वर्ग आणि हजेरी क्रमांक नीट लिहावा. मोबाइल घरातल्या कोणाचाही असो, नाव आपले हवे.

दुसरी गोष्ट माइकची. पहिल्यांदा हे ॲप उघडले की ते माइक व कॅमेरा वापरण्याची परवानगी मागते. घाईत 'नको' म्हटले की पुढे माइकचे बटण कितीही दाबले तरी आवाज जात नाही; मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन परवानगी द्यावी लागते. हे मला वर्गातल्या एका मैत्रिणीने सांगितले, नाहीतर मी मोबाइल दुरुस्तीला टाकणार होते. आणि बोलून झाल्यावर माइक बंद करावा. एकदा तो उघडा राहिला आणि आईची "जेवाला ये गो" ही हाक सगळ्या वर्गाने ऐकली. मी तोपर्यंत फार शुद्ध मराठीत बोलत होते. दोन दिवस मला कॉलेजात जायची लाज वाटली. नंतर लक्षात आले की ज्या बोलीतले धवले ऐकण्यासाठी सगळे जमणार होते, तीच ही बोली होती.

आता मुख्य अडचण. धवला एकटीने गायचा नाही. आजी ओळ उचलते आणि शेजारच्या दोन काकी तिच्या मागून ती धरतात. मला वाटले, तिघी आपापल्या घरी बसतील, तीन मोबाइल, तीन चौकोन, छान दिसेल. सराव केला आणि गाणे नुसते विस्कटले. आजीची ओळ काकींपर्यंत उशिरा पोहोचे, त्यांचा सूर आजीपर्यंत आणखी उशिरा. आजी थांबे, त्याही थांबत. आजी चिडून म्हणाली, "यांना आज झालंय काय?"

झाले काहीच नव्हते. आपला आवाज मोबाइलमधून कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तेथून दुसऱ्याच्या मोबाइलवर. तुकडे करणे, पाठविणे, पुन्हा जुळविणे यात वेळ जातो. दूरध्वनीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार एका बाजूचा विलंब दीडशे मिलिसेकंदांपर्यंत असेल तर संभाषण सुखाने चालते. पण गाणे म्हणजे संभाषण नव्हे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो; म्हणजे दीडशे मिलिसेकंदांचा विलंब झाला की सोबतची बाई जणू पन्नास मीटरांवर, शेताच्या पलीकडच्या बांधावर उभी राहून गात आहे. अशा अंतरावरून तालात राहणे कठीण. हे सारे साधन एकाने बोलावे व बाकीच्यांनी ऐकावे, याच बेताने बांधलेले आहे. आमच्या घरांत, आणि आमच्या गाण्यांत, सगळे एकदम बोलतात. म्हणून तिघींना आमच्या घरी एकाच मोबाइलपुढे बसविले. समूहगीत, नाट्यवाचन, आरती, काहीही एकत्र म्हणायचे असेल तर माणसे एका खोलीत आणावीत; दुसरा उपाय मला सापडला नाही.

एका खोलीत मोबाइल मात्र एकच जोडावा. सरावाच्या वेळी माझ्या चुलत भावाने हौसेने त्याचाही मोबाइल जोडला आणि अशी किंकाळी उठली की शेजारचे धावत आले. आपल्या स्पीकरमधून निघालेला आवाज माइकमध्ये परत आला तर ॲप तो वजा करते. शेजारच्या मोबाइलमधून येणारा आवाज कोणाचा, हे त्याला कळत नाही. तो आवाज फिरत राहतो व वाढत जातो. दोघींना एकाच खोलीत बसायचेच असेल तर एकीने माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवावेत, किंवा दोघींनी इयरफोन लावावेत.

तरीही एक गोष्ट बिघडत होती. आजीने ओळीच्या शेवटी सूर लांबविला की पलीकडे तो मध्येच तुटे. पंखा, कूलर, रस्त्यावरची घरघर असे एकसारखे चालणारे आवाज गाळून टाकण्याची योजना या ॲपमध्ये असते. बोलण्याला ती उपकारक, पण लांबविलेला सूरही एकसारखाच असतो. त्यामुळे आजीचा सूर आणि पंख्याची घरघर यांत यंत्राला फरक कळेना. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाची सोय आहे, ती चालू केली की गाळणी थांबते. मग अर्थातच बाहेरच्या ट्रकचे हॉर्नही पलीकडे जातात. आम्ही पंखा बंद केला, खिडक्या लावल्या आणि ट्रकांची ये-जा कमी असते अशी दुपारची वेळ निवडली. वळमध्ये पूर्ण शांतता अशी वेळ नाहीच.

खर्चाविषयी थोडेसे. झूमच्याच माहितीप्रमाणे नुसत्या आवाजाला सेकंदाला ६० ते ८० किलोबिट लागतात. म्हणजे एका दिशेने तासाला फार तर ३६ एमबी. चांगल्या चित्राला ६०० किलोबिट धरले तर एका बाजूने तासाला २७० एमबी, आणि जाणे-येणे मिळून ५४० एमबी. दिवसाला दीड जीबीचे रिचार्ज असलेल्या घरात, जेथे तोच मोबाइल बाबांना भाड्याच्या फोनसाठी हवा असतो, तेथे हा फरक मोठा आहे. आणखी एक. आपला कॅमेरा बंद केला की केवळ जाणारे चित्र थांबते. इतरांची चित्रे येतच राहतात. ती थांबविण्याची निराळी सोय असते, ती शोधून ठेवावी. नेट मंद झाले की आधी चित्र सोडून द्यावे. चेहरा गोठला तरी ऐकणाऱ्याला विषय कळतो. आवाज तुटला तर काहीच उरत नाही. मीटिंग सुरू होताना प्रकाश कोठून येतो आणि मागची भिंत कशी दिसते यावर आपण जितका वेळ घालवितो, त्याच्या निम्मा जरी आवाज तपासण्यावर घातला तरी पुष्कळ साधेल, असे माझे मत झाले आहे.

फुकटच्या खात्यावर झूमची मीटिंग चाळीस मिनिटांनी बंद पडते आणि गूगल मीटवर तिघे किंवा अधिक असतील तर साठ मिनिटांनी. धवला मध्येच तोडणे बरे नव्हे, म्हणून सरांनी कॉलेजच्या खात्यावरून मीटिंग लावली.

रेकॉर्डिंगचा प्रश्न मी शेवटपर्यंत विचारातच घेतला नव्हता. रेकॉर्डिंग सुरू झाले की ॲप तसे जाहीर करते, पण इंग्रजीत. वर्गात आपण ते ऐकून सोडून देतो. आजीला त्यातले अक्षरही कळले नसते. म्हणून आदल्या रात्री मी तिला आमच्या बोलीत सांगितले की, हे गाणे कॉलेजात राहील आणि पुढची मुलेही ते ऐकतील. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, गाणे राहू दे, तोंड नको. दोघी काकींनाही विचारले, त्यांचेही तेच.

सरांना फोन करून हे कळविले. दुसऱ्या दिवशी मी मोबाइल पाटावर डब्याला टेकवून असा ठेवला की कॅमेऱ्यात फक्त हळदीचे ताट आणि तिघींचे हात येतील. पस्तीस जण ऐकायला होते. पहिल्या धवल्याच्या वेळी एक कंटेनर हॉर्न वाजवीत गेला, तो रेकॉर्डिंगमध्ये तसाच आहे. विभागाच्या संगणकावर ते ठेवलेले आहे. ज्यांना ऐकायचे असेल त्यांनी सरांना विचारावे.